चहाचा न संपणारा वर्ग



सुरतेचा आणि चहाचा परिचय फार जुना आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आला. येथील बनिया मंडळी भरपूर चहा घेतात, पाण्यात मसाला उकळून केलेला चहा डोकेदुखीवर गुणकारी मानला जातो आणि जोडीला खडीसाखर असते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. आज गोडादऱ्यात, खानदेशातून यंत्रमागाच्या कामासाठी आलेल्या घरांतही, दारी आलेल्याला चहा विचारल्यावाचून कोणी परत पाठवीत नाही. तो चहा कोणी शिकत नाही. आईला पाहून येतो. जपानात मात्र पाहुण्याला चहा देणे ही आयुष्यभर शिकण्याची विद्या झाली.

सोळाव्या शतकात सेन रिक्यू यांनी तिला साधेपणाचे वळण दिले. १५९१ मध्ये हिदेयोशीच्या आज्ञेने त्यांना प्राण द्यावे लागले; पण त्यांच्या वंशजांची तीन घराणी क्योटोत आजही ही विद्या शिकवितात. नवा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा प्रारंभी चहा दूरच राहतो. सरकते दार बसून कसे उघडावे, चटईवर पाऊल कसे टाकावे, ‘फुकुसा’ हा रेशमी रुमाल कसा घडी करावा, एवढ्यावरच दिवस जातात. बैठक आपल्या वज्रासनासारखी. पायाला मुंग्या येणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग म्हणावयाचा! (खुर्ची-मेजावरची पद्धत उरासेन्के घराण्याने १८७२ मध्ये काढली, तीही परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी.) पुढे हिरवी पूड, बांबूची पळी आणि एकाच बांबूतून चिरून केलेली घुसळणी हाती येते. विद्यार्थी आळीपाळीने यजमान होतो आणि पाहुणाही. वाडग्याची दर्शनी बाजू ओठांशी येऊ नये म्हणून पाहुणा ते हातात फिरवून घेतो. घेणाऱ्यालाही शिकावे लागते, ही गोष्ट आपल्या आदरातिथ्यात क्वचितच कोणी बोलून दाखवितो.

हाताला सवय होते न होते तोच ऋतू बदलतो. मे महिन्यात जमिनीतील चूल बंद होऊन सुटी शेगडी येते. नोव्हेंबरात चूल पुन्हा उघडते. त्याबरोबर यजमानाची बैठक बदलते, हातांच्या हालचाली बदलतात आणि सहा महिन्यांपूर्वीचे पुन्हा आठवावे लागते.

उरासेन्के घराण्यात विद्यार्थ्याला जो दाखला मिळतो, तो पुढचा पाठ शिकण्याची अनुमती असतो. आपल्या विद्यापीठांची पदवी झालेल्या अभ्यासाची साक्ष देते. हा कागद व्हावयाच्या अभ्यासाकडे बोट दाखवितो. पदवी भिंतीवर टांगून पुस्तक मिटणाऱ्यांना हा भेद बोचेल, आणि बोचावा.

ग्रंथालयात बसून हे बोलताना ओकाकुरा काकुझो यांचे स्मरण होते. १९०१-०२ मध्ये ते भारतात होते. १९०६ मध्ये त्यांचे चहावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. चहामागची सौंदर्यदृष्टी त्यात मनोज्ञ उलगडली आहे. रुमालाची घडी मात्र ते वाचून येत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे लागते.