जुनं विमान: आधी काय बदलायचं?

अमेरिकेत १९७० च्या दशकातली सेस्ना १७२ विमानं खासगी मालक आजही उडवतात. दर १२ महिन्यांनी तपासणी सक्तीची. पण अपग्रेडचा पैसा आधी कुठे घालायचा?

माझं मत, व्हॅक्यूम पंपाकडे बघा. इंजिनवर चालणारा हा पंप हवा ओढतो, त्यावर क्षितिज दाखवणारा जायरो फिरतो. पंप बऱ्याचदा अचानक जातो. जायरो मात्र लगेच थांबत नाही. मंदावत जातो आणि चुकीचं क्षितिज दाखवतो. सॉफ्टवेअरमध्येही बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा चुकीचा डेटा देणारा जास्त घातक, तसंच. ढगात पायलट त्यावरच विसंबला, तर विमान हातातून जातं.

म्हणून आधी स्वतःची बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक क्षितिज बसवा, मान्यताप्राप्त मेकॅनिककडूनच. मोठा रंगीत नकाशा नंतर घ्या!