जिनिंग बंद झाल्यानंतर



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल आभार मानतो. परिषद वऱ्हाडातल्या दर्यापुरात घेतलीत, त्याबद्दल अधिक आभार. नोकरी गेलेल्या कामगाराला आधार कोणी द्यायचा, ही चर्चा आपल्याकडे एक तर गिरणगावापासून सुरू होते किंवा हल्ली पुण्याच्या आयटी कंपन्यांपासून. पुण्यात हजारभर लोकांना कमी केले तर दुसऱ्या दिवशी बातमी येते. इथे दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की कापसातून सरकी काढणारी एकेक जिनिंग बंद होते, फाटकाला कुलूप लागते, आत रुईच्या गंजीवर राबलेली माणसे घरी जातात, आणि ही बातमी कुठेच येत नाही. ठरल्यासारखे दर साल घडते, म्हणून त्याला कोणी बेकारी म्हणत नाही. मी आज या माणसांबद्दलच बोलणार आहे.

कायदा त्यांच्याकडे कसा पाहतो, ते आधी सांगतो. १८८१ मध्ये हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर माणसे, यंत्राची शक्ती आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काम, एवढे असेल तरच तो कारखाना. वऱ्हाड-खानदेशातल्या बऱ्याच जिनिंग या व्याख्येतून अलगद बाहेर राहिल्या. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तो हंगामी कारखाने सोडून बाकी सर्व कारखान्यांना लागू झाला. हंगामी कारखाना म्हणजे कोणता, याची यादी त्या कायद्यात दिली होती आणि त्या यादीत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे होते. त्यानंतर प्रेसिंग, मग भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा.

१९५३ मध्ये कापडगिरण्यांत माल साचला. कामगारांना घरी बसवण्याची वेळ येईल म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई आली. काम नसलेल्या दिवसांचा निम्मा पगार आणि महागाई भत्ता. कापसाच्या धंद्यातल्या मंदीनेच हे कलम जन्माला घातले, पण ते लिहिताना हंगामी आस्थापना आणि पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना वगळल्या गेल्या. म्हणजे कापूस कापडगिरणीत पोचला की त्याच्यामागच्या कामगाराला संरक्षण, आणि तोच कापूस दर्यापुरात सरकीपासून वेगळा होत असताना मात्र काही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, मालकाने पंधरा दिवसांची मजुरी त्यात भरायची आहे. चांगली तरतूद आहे, मी तिचे स्वागत करतो. पण हंगामी कारखान्याचा जुना अपवाद नव्या संहितांतही तसाच उतरला आहे. जिनिंगच्या कामगाराची छाटणी होतच नाही, नुसता हंगाम संपतो.

अचलपूरची फिनले मिल ही कापडगिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिथल्या कामगारांनी काय सोसले ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे आणि त्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण त्यांच्याजवळ मस्टरवरचे नाव आहे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे, मागणी कुणाकडे करायची ते ठाऊक आहे. विमाधारक कामगाराची नोकरी गेली तर २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नव्वद दिवसांपर्यंतची मदत, तीही आयुष्यात एकदाच, तरी २०२० मध्ये तिचा दर सरासरी कमाईच्या पाव हिश्श्यावरून निम्म्यावर नेला गेला. कारखाना कायमचा बंद झाला तर २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा भत्ता आहे. या दोन्हींचे दार विम्याच्या क्रमांकाने उघडते. आणि जिनिंगला विमा नाही.

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. पदराखाली गुंडाळलेले तीन सालांचे कालनिर्णय त्यांनी टेबलावर उलगडले. कामावर गेलेल्या प्रत्येक तारखेभोवती निळ्या पेनाचे गोल, डबल पाळी केली त्या तारखेला दोन गोल. दसऱ्याच्या आसपास गोल सुरू व्हायचे, होळीनंतर विरळ होत जायचे आणि गुढीपाडव्याच्या पुढे पान कोरे. त्या ज्या कार्यालयात गेल्या होत्या तिथे त्यांना नोकरी सुटल्याचा दाखला मागितला होता. दाखला देणार कोण? हजेरीचे पुस्तक मुकादमाचे, मुकादम ठेकेदाराचा. बाई म्हणाल्या, "सायेब, जिनिंग बंद झाली का आमची चूलबी अर्धीच पेटते. दाखला कायचा आनू?" मी त्या कॅलेंडरांच्या छायाप्रती काढून ठेवल्या आहेत. इतकी काटेकोर नोंद मला कुठल्या ठेकेदाराच्या कागदांत आढळलेली नाही.

हंगाम संपला तर शेतात जावे, असे शहरातली माणसे सहज म्हणतात. त्यांनी दर्यापूरची जमीन पाहिलेली नसते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे, ते ना पिण्याच्या कामाचे ना ओलिताच्या. खरिपात कपाशी, तूर, मूग. जमिनीत ओल राहिली तर हरभरा. हरभरा निघाला की मृगापर्यंत या काळ्या मातीत मजुराला हात घालायला काम नाही. म्हणजे जिनिंग नेमकी तेव्हा बंद होते जेव्हा रानही बंद असते. उरते वीटभट्टी, नाहीतर पुणे-सुरतची गाडी. आणि रोजगार हमी? १९७७ च्या कायद्याने आणि वि. स. पागे यांच्या आग्रहाने महाराष्ट्राने देशाला ती दिली. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून गावच्या मजुराला काम देण्याचे तत्त्व आपण तेव्हाच मान्य केले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क दिला. पण कामाच्या मागणीची तारीख घातलेली पोच हातात नसेल तर तो भत्ता मागता येत नाही, आणि ही पोच मिळवणे केवढे कठीण जाते ते इथल्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. शिवाय ही केंद्रीय हमी ग्रामीण भागासाठी. दर्यापूर-बनोसा नगरपरिषदेच्या हद्दीत राहणारी जिनिंगची बाई तिच्यातही बसत नाही.

साखरेकडे पाहा. साखर कारखानाही हंगामी, विमा कायद्याच्या त्याच यादीत बसलेला. तरीही साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला गाळप संपल्यावर रिटेन्शन भत्ता मिळतो, आणि पुढच्या गाळपाला त्याला परत बोलावले जाते. वेतन मंडळाने शिफारस केली, युनियनने ती लावून धरली, कारखान्यांनी मान्य केली. वऱ्हाडातल्या कपाशीच्या कामगाराला असे काही का मिळू नये, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही. तिथे युनियन होत्या, सहकार होता, आमदारकीची गणिते कारखान्याभोवती फिरत होती. इथे जिनिंग विखुरलेल्या आणि माणसे ठेक्याची. कारण एवढेच आहे, आणि ते दूर करता येण्यासारखे आहे.

विखुरलेल्या माणसांना एका नोंदीत आणायचे कसे, हेही महाराष्ट्राने पूर्वीच करून दाखवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. मालक कोण ते ठरवता येत नव्हते. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून मंडळे आली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरीवरची लेव्ही मंडळाकडे, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मंडळाकडून. माझा प्रस्ताव तोच आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांसाठी त्रिपक्षीय मंडळ, आणि दाबलेल्या प्रत्येक गाठीमागे ठरावीक रक्कम.

ही रक्कम किती, यावर मालक मित्र अस्वस्थ होतील. जिनिंगचा धंदा आज सोपा नाही, कित्येक जिनिंग कायमच्या बंद पडल्या आहेत, हे मी जाणतो. म्हणून हिशेब मांडतो. १७० किलोच्या एका गाठीची रुई आज वीस हजार रुपयांच्या वर जाते. गाठीमागे वीस रुपये म्हणजे हजारामागे एक रुपयाहून कमी. हंगामात दहा हजार गाठी दाबणाऱ्या कारखान्याचे दोन लाख होतील. तिथे पन्नास कामगार धरले तर माणशी चार हजार, आणि शासनाने तेवढीच भर घातली तर आठ हजार. यात कुणाचे घर चालणार नाही. पण उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घेऊन पुढचा हंगाम आधीच गहाण टाकायची पाळी टळेल. ज्याने उचल घेतली तो पुढच्या दसऱ्याला मजुरीचा भाव करू शकत नाही, म्हणून मला ही रक्कम महत्त्वाची वाटते.

आता दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे पुन्हा काम मिळवून देण्याबद्दल. १९४५ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत असताना, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी या देशात रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. आज तेच काम महास्वयम् पोर्टलवर चालते, रोजगार मेळावे भरतात. पण पोर्टल शिक्षण विचारते. जिनिंगचा फिटर सातवी नापास. रोलरच्या चामड्याला खाचा पाडणे, दोन सुऱ्यांमधले अंतर असे बसवणे की सरकी फुटणार नाही आणि धागा तुटणार नाही, हे तो वीस वर्षे करतो आहे. मेळाव्यात त्याला सुरक्षारक्षकाची जागा दाखवतात. पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. अमरावती आणि अकोल्याच्या केंद्रांतल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की ही चाचणी जिनिंगच्या आवारात, हंगाम चालू असताना घ्या. माणूस सुरतेला गेल्यावर त्याला शोधणार कुठे?

आणि बायांचे काय? २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान आले, जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, यंत्राला कापूस भरणारे ऑटोफीडर आणि कन्व्हेयर बसले. रुई स्वच्छ झाली, भाव सुधारला, हे खरेच झाले. पण टोपल्यांनी कापूस वाहून रेच्यात घालणाऱ्या बायांची गरज त्याबरोबर घटली. यंत्रासाठी अनुदान होते. बायांसाठी त्या अभियानात काय होते? छाटणी म्हणून याची कुठे नोंद नाही, कारण दसऱ्याला त्यांना पुन्हा बोलावले नाही इतकेच झाले. पुढच्या हंगामाला जुन्या माणसाला आधी बोलावण्याचे बंधन कायद्याने घातले असते तर त्या निदान मोजल्या गेल्या असत्या, आणि मोजल्या गेल्या असत्या तर त्यांच्यासाठी काही मागता आले असते.

ठरावाचा मसुदा आपल्या हाती आहे. गाठीमागच्या रकमेवर वाद होईल, तो मोकळेपणाने व्हावा, मालक प्रतिनिधींचे म्हणणे सभागृहाने पूर्ण ऐकून घ्यावे. मंडळ यायला वर्षे लागतील, विधिमंडळात जावे लागेल. पण तिसऱ्या कलमातली नोंदवही कुणाच्या मंजुरीवाचून सुरू करता येते: येत्या हंगामात प्रत्येक कामगाराचे नाव, कामाचा पहिला दिवस, शेवटचा दिवस, ठेकेदाराचे नाव, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वह्या छापून आल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. ज्या तालुक्याला जितक्या हव्यात तितक्या जेवणाच्या सुटीत घेऊन जा, आणि कुणी किती नेल्या ते तिथल्या कागदावर लिहून ठेवा.