उघडलं की विसरणारं यंत्र



दुकानात आपण कार्ड लावतो, त्या यंत्राचं सॉफ्टवेअर मी लिहिते. दाबलेला पिन आतच सांकेतिक होतो, दुकानदाराला कळत नाही. कुणी यंत्र उघडलं, तर ते आतल्या गुप्त किल्ल्या पुसून टाकतं.

एकदा चाचणीचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. विरार लोकलच्या गर्दीत दाबलं गेलं आणि सगळं विसरलं! ‘पहारा सैल करा,’ असा आग्रह झाला. मी अडून बसले. शेवटी कवच मजबूत केलं, पहारा तसाच ठेवला.

शिलाँगला जन्मलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचं एटीएम लंडनमधल्या एन्फिल्डला १९६७ साली सुरू झालं. पत्नीच्या लक्षात चारच आकडे राहायचे, म्हणून पिन चार आकडी, असं ते सांगत. माझ्या आईच्याही राहतात; पापडीच्या दुकानात ती ते मोठ्याने सांगते. त्यावर इलाज सापडलेला नाही.