धुक्यातली शिकाऊ गाडी

थंडीत गाडी शिकताना अपघात होतो असे म्हटले की डोळ्यांसमोर बर्फाळ रस्ते येतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यात बर्फ नाही. इथे धुके आहे, आणि त्याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम.

कागल सोडले की राष्ट्रीय महामार्ग ४८ दूधगंगा ओलांडतो, यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडतो, निपाणी मागे टाकतो आणि तवंदी घाट चढून संकेश्वरकडे जातो. नदीकाठची जमीन पाणी दिलेल्या उसामुळे ओलसर असते. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री ती झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ पहाटे धुके होऊन रस्त्यावर उतरते. त्याच वेळी शेतातून निघालेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या कारखान्याची वाट धरतात.

शिकाऊ चालकाची चूक साधारण एकाच क्रमाने घडते. समोर पांढरे दिसू लागले की हात आपोआप अप्परकडे जातो. धुक्याच्या थेंबांवर आपटून तो प्रकाश डोळ्यांतच परततो आणि होते तेवढेही दिसेनासे होते. मग एकाएकी पुढे ट्रॉली उभी राहते. बाहेर आलेल्या उसामागे तिचा टेल लॅम्प झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. घाबरलेले पाय ब्रेक आणि क्लच एकदमच दाबतात. क्लच दाबला की इंजिनचा आवर सुटतो. रस्त्यावर दव, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती, सांडलेले पाचट. चाके जाम होतात, गाडी घसरते आणि स्टेअरिंग फिरवूनही वळत नाही. नव्या मोटारींत चाके जाम होऊ न देणारे एबीएस २०१९ पासून सक्तीचे आहे. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ते नाही. ट्रॉली चुकली तरी मागून येणाऱ्या वाहनाला ही थांबलेली गाडी दिसतच नाही.

हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, ओल्यावर तीस किंवा जास्त. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की धुके 'अतिदाट'. तेव्हा अशा पहाटे साठचा वेग म्हणजे न दिसणाऱ्या जागेत गाडी घालणे. आणि नवशिक्याला दीड सेकंदही पुरत नाही, हे विसरता कामा नये.

यात दोष एकट्या शिकणाऱ्यावर टाकणे योग्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास हवेत. शिकाऊ गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, आणि शेजारी गाडी आवरू शकेल असा परवानाधारक हवा. पण १८ सेंटिमीटरची ती पाटी धुक्यात कोणाला दिसणार? शिवाय परवान्याची परीक्षा कचेरीच्या वेळेत, लख्ख उन्हात होते. तीत पास झालेला चालक डिसेंबरच्या पहिल्या पहाटे घरच्यांना घेऊन महामार्गावर उतरतो, तेव्हा शेजारी शिक्षक नसतो आणि त्याच्या पायाखालचा जादा ब्रेकही नसतो.

म्हणून या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलनी त्या १० तासांतला एक तास धुक्यासाठी राखावा. तो महामार्गावर नको. गावाबाहेरच्या कमी रहदारीच्या रस्त्यावर, उजाडल्यावर, शिक्षकासोबत, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने व्हावा. डिप्पर लावायचा, फॉग लॅम्प असतील तर तेही. काच आतून धुरकटली की एसीची हवा तिच्यावर सोडायची. ब्रेक आधी हलका दाबायचा आणि क्लच शेवटी. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात गाडी न्यायची. ऊस वाहणाऱ्यांनीही ट्रॉली भरून झाली की मागचा रिफ्लेक्टर फडक्याने पुसावा आणि ऊस त्याच्यावर लोंबत नाही ना, हे पाहूनच ट्रॅक्टर रस्त्यावर आणावा.