डावखुऱ्या लेकीची गिटार

आम्ही देवगाव फाट्याच्या बायका. आमच्यातल्या एकीची लेक डावखुरी. तिनं गिटार डाव्या हातानं छेडली की घरात दटावणी, "उजवा हात लाव!"

बीटल्सचे पॉल मॅकार्टनीही डावखुरेच. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी हॉफनरची डावखुरी इलेक्ट्रिक बेस गिटार घेतली, आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी आतून पोकळ. ती जगभर गाजली.

अशा डावखुऱ्या गिटारी कंपन्या मोजक्याच काढतात. नाही मिळाली, तर साधी गिटार उलटी धरून तारांचा क्रम फिरवायचा, जाड तार वर. तारा टेकतात त्या पट्टीच्या खाचाही कारागिराकडून बदलून घ्यायच्या.

बायांनो, तारा बदलता येतात. लेकीचा हात कशाला बदलायचा?