महानगर समितीचे नियम कोणी करावयाचे?

(पुण्याभोंवतालच्या गांवांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे शेतकरी काय आणि बलुतेदार काय, आधीं माप कोणाचें आहे तें पाहतो. रास डोंगराएवढी असली तरी माप दुसऱ्याच्या हातीं असेल तर आपल्या पदरांत काय पडेल याचा भरंवसा नाहीं. महानगर नियोजन समितीचें असेंच आहे. "तिच्यांत गांवालाही जागा आहे," एवढें ऐकून आपले लोक संतोष मानतात. जागा आहे हें खरें; पण आम्ही विचारतों, माप कोणाचें?

ही समिती काय आहे तें थोडक्यांत ऐका. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलांत आली. दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठीं शहरें व गांवें मिळून एक समिती असावी आणि तिनें सगळ्या क्षेत्राच्या विकासाचा आराखडा करावा, असें तींत ठरलें. निदान दोन तृतीयांश सभासद निवडलेले पाहिजेत. ते शहरांच्या निवडून आलेल्या सभासदांनीं व पंचायतींच्या प्रमुखांनीं आपल्यांतूनच निवडावयाचे. आपल्या राज्यानें १९९९ सालीं तसा कायदा केला.

आतां यांतली मेख पहा. जागा वाटावयाच्या त्या लोकसंख्येच्या प्रमाणांत. २०२१ सालीं पुण्याच्या समितीची निवडणूक झाली तेव्हां ३० पैकीं २२ जागा मोठ्या शहरांच्या वांट्याला गेल्या. लहान शहरें व सारीं खेडीं मिळून आठ राहिल्या. शिवाय शहर पसरत चाललें आहे. २०१७ सालीं ११ गांवें पुणें महापालिकेंत गेलीं, २०२१ सालीं आणखी २३ गेलीं. गांव शहरांत गेलें कीं तेथला सरपंच गेला, ग्रामसभा गेली आणि समितींतलें गांवाच्या बाजूचें तेवढें वजनही गेलें. म्हणजे नुसते हात मोजूं लागलों तर आपण आजही हरतों आणि उद्यां अधिकच हरणार. म्हणूनच हात कसे मोजावयाचे, सभा केव्हां बोलवावयाची, कागद कोणाला दाखवावयाचा, या नियमांकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. कांहीं गोष्टी घटनेनें व कायद्यानें बांधलेल्या आहेत, त्या सभेंत बदलत नाहींत. त्यांसाठीं आमदाराच्या दारीं जावें लागेल. पण रोजच्या कामकाजाच्या रीती ठरतात तेथें आपला माणूस जागा पाहिजे.

सभेची नोटीस निदान पंधरा दिवस आधीं यावी आणि तिच्याबरोबर विषयाचे सगळे कागद मराठींत यावेत. नकाशावर रस्त्याची रेघ असते, पण ती कोणाच्या गट नंबरांतून जाते हें रंगावरून कळत नाहीं. गट नंबर लिहिलेले असावेत व ते ग्रामसभेंत वाचून दाखवावेत. कुंभाराच्या भट्टीच्या जागेवर "रहिवासी विभाग" असा रंग पडला तर भट्टी कोठें न्यावयाची? हें त्याला रंग वाळल्यावर सांगून काय उपयोग!

कोरमाचेंही तसेंच. नुसती डोकीं मोजून कोरम भरला असें समजूं नये. गांवाकडच्या सभासदांपैकीं निदान निम्मे हजर असल्याशिवाय आराखड्याचा विषय घेऊं नये.

पाण्याविषयीं आमचा आग्रह याहून मोठा आहे. पाण्याचा वांटा हा विषय या समितीनें विचारांत घ्यावा असें घटनेंतच लिहिलें आहे. खडकवासल्याचें धरण इंग्रजी अमदानींत झालें तें पुण्याला प्यावयास व खालच्या शेतीला भिजावयास, अशा दोन्ही हेतूंनीं. शहराची तहान वाढत गेली आणि हवेली, दौंड, इंदापुराकडे कालव्याच्या शेपटाला बसलेला शेतकरी आवर्तनाची वाट पाहत राहिला. शहरांतला माणूसही आपलाच आहे, त्याच्या तोंडचें पाणी कोणी काढूं म्हणत नाहीं. पण जो ठराव पाण्याचा वांटा बदलतो तो गांवांच्या सभासदांचें वेगळें बहुमत असल्याशिवाय मंजूर होऊं नये. त्यासाठीं कायद्यांत कलम घालावें लागलें तर तें मागूं.

मत नांवानिशीं नोंदावें. जोतीराव फुले १८७६ पासून पुणें म्युनिसिपालिटींत सरकारनें नेमलेले सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हां विरुद्ध मत एकट्या जोतीरावांचें पडलें. ठराव कांहीं अडला नाहीं. पण कोण कोठें उभा होता हें लोकांना कळलें. आजच्या इतिवृत्तांत "चर्चेअंतीं सर्वानुमते मंजूर" एवढेंच येतें. सर्वांत कोण कोण होते हो?

आणि ज्या सभासदाची, त्याच्या घरच्यांची किंवा भागीदाराची जमीन रस्त्याच्या रेघेलगत असेल त्यानें तसें उघड सांगून त्या विषयापुरतें सभेबाहेर जावें. यांत शहरचा आणि खेड्याचा असा भेद आम्ही करीत नाहीं. आपल्यांतलाही एखादा पुढारी रेघ कळली कीं रातोरात शेजाऱ्याची जमीन घेतो व सकाळीं त्यालाच विकासाच्या गोष्टी सांगतो. जातभाई म्हणून त्याला झांकूं नका.

राहिली मुदतीची गोष्ट. २०२२ सालीं महापालिकांच्या व जिल्हा परिषदेच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या आणि कांहीं वर्षें कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. ज्या संस्थांतून सभासद यावयाचे त्या संस्थाच रिकाम्या, मग समिती कोणाच्या जिवावर बोलणार? अशा काळांत आराखड्याचें कोणतेंही मोठें काम पक्कें करूं नये, हें नियमांतच असावें.

येत्या ग्रामसभेंत हीं कलमें ठराव म्हणून मांडा. पदर खोंचून बायकांनींही यावें, कारण पाणी त्या भरतात आणि जमीन गेल्यावर चूलही त्यांनाच पेटवावी लागते. ठराव सरपंचाच्या खिशांत राहूं देऊं नका. दोन प्रती करा. एक समितीच्या कचेरींत द्या, दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती पंचायतींत लावा.