मनाचा पंचनामा

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या मंदिराचे काम तडीस गेले. कळस चढला, सभामंडपाला नवी फरशी बसली. ज्यांनी पैसा दिला त्यांची नावे स्मरणिकेत आहेतच. ज्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली त्यांची नावे छापायची म्हटली तर पाने पुरली नसती. अशा मंगल प्रसंगी दुःखाचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु सभामंडप बांधायचा तो माणसांनी एकत्र बसावे म्हणूनच, आणि महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत एकत्र बसून बोलावे असे दुःख थोडेथोडके नाही.

२५ जुलै २००५ रोजी दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून जवळजवळ दोनशे माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे घरे गाडली गेली आणि महाड शहर पुरात बुडाले.

अशा वेळी पंचनामे होतात. घर पूर्ण पडले की अंशतः, गुरे किती, भांडीकुंडी किती, शेतजमीन किती खरवडली, हे सारे लिहिले जाते. तलाठ्यावर राग काढण्यात अर्थ नाही. छापील नमुन्यात जेवढे रकाने तेवढेच तो भरणार. तळियेच्या वेळी राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. वाचलेल्यांनी आधी कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढले, पुढे पक्की घरे उभी राहिली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ज्याचे आईबाप, बायको, लेकरे एका संध्याकाळी गेली त्याच्या मनाचे किती नुकसान झाले, याला त्या नमुन्यात रकाना नव्हता व नाही.

तळियेचा शोध चार दिवसांनी थांबला तेव्हा ५३ मृतदेह हाती आले होते आणि ३१ जणांचा ठाव नव्हता. त्यांना मृत मानण्यात आले. एरवी बेपत्ता माणूस मृत धरण्यासाठी कायद्यात सात वर्षांची मुदत असते, ती येथे आड आली नाही हे बरे झाले. नाहीतर वारसनोंदीसाठी त्या कुटुंबांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले असते. पण दाखला मिळाला म्हणून मन मानतेच असे नाही. ज्याचा चेहरा शेवटचा पाहिला नाही, ज्याला अग्नी दिला नाही, तो कधीतरी दारात उभा राहील असे आतून वाटत राहते. पूर्वजांना हे ठाऊक असावे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची वा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी त्यांनी सांगून ठेवला, त्यास पालाशविधी म्हणतात. गेलेल्याला गती मिळते की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मागे राहिलेल्याला मात्र रडण्यासाठी एक ठिकाण मिळते.

मुंबईकर मंडळींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दरडीत वाचलेल्यांत कामानिमित्त बाहेरगावी असलेली माणसेही आहेत. त्यांच्या अंगावर ओरखडा नाही, म्हणून लोक त्यांना नशीबवान म्हणतात. पण ‘त्या दिवशी घरी असतो तर’ हा विचार अशा माणसाला रात्री झोपू देत नाही. त्याला ‘तू तरी वाचलास’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यापेक्षा गप्प राहून शेजारी बसलेले चांगले.

अशी माणसे ओळखायची कशी? आषाढाचे ढग उतरले की कोणी रात्रभर जागे राहून डोंगराचा कानोसा घेते. कोणाचे अन्नावरून मन उडते, कोणी भजनाला येईनासा होतो, कोणाची दारू वाढते, आणि वाडी म्हणते, तो वाया गेला. पोर शाळेत बसल्या बसल्या दचकते. चार-सहा महिन्यांत हे ओसरले तर ठीक. वर्ष उलटले तरी राहिले, किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे बोलणे तोंडी आले, तर ते दुखणे समजावे आणि डॉक्टर गाठावा. या दुखण्याला औषध आहे. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करायची नसते. आपल्याच जिल्ह्यात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. या कार्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जट वाढलेली, स्वतःचे नाव विसरलेली माणसे जर बरी होऊन घरी जातात, तर गावात आपल्या माणसांत राहणारा का होणार नाही?

तरीही लाज आडवी येते. देवापुढे गाऱ्हाणे घालताना सारा गाव उभा असतो आणि कोणाला संकोच वाटत नाही. तेच गाऱ्हाणे डॉक्टरपुढे घालायचे तर ‘वेडा म्हणतील’ ही भीती. भगताकडे जाणाऱ्याची श्रद्धा कोणी दुखवू नये, पण अंगारा लावून महिने घालवणे आणि अंगारा लावून दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठणे यांत फार अंतर आहे.

कायद्याचीही भीती अनेकांना आहे, ती आता निराधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे त्यात धरले जाते, त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची असते. तेव्हा पोलिसांच्या धाकाने अशी घटना दडवून उपचार टाळू नयेत. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-अपरात्री फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

माता-भगिनींच्या बाबतीत थोडे कडू बोलणे भाग आहे. नवरा दरडीत गेलेली बाई तेराव्या दिवसानंतर हळदीकुंकवाला नाही, ओटी भरायला नाही, शुभकार्यात पुढे नाही. दुःख निसर्गाने दिले, एकटेपण मात्र गाव देते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठरावाचा कागद सोपा असतो. नव्या सभामंडपातील पहिल्या हळदीकुंकवाला अशा भगिनीला कोण हाताला धरून आणते, ते पाहायचे.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, चौदाव्या दिवशी ओस पडते. म्हणून समितीपुढे तीन सूचना आहेत. ज्या घरात असा घाला पडला तेथे वर्षभर पंधरवड्यातून एकदा दोघांनी जावे, हात हलवत नव्हे, भाजीपाला घेऊन, आणि तासभर बसावे; सप्ताहातील पहाऱ्याप्रमाणे याच्याही पाळ्या लावता येतील. अतिवृष्टीच्या रात्री सभामंडप उघडा ठेवावा व तेथे दिवा असावा, म्हणजे डोंगरालगतच्या घरात जागणाऱ्याला उठून यायला जागा राहील. आणि देणगीदारांच्या संगमरवरी फलकाशेजारी, घंटेजवळ, १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा. रंगाचा खर्च कोणी द्यायचा आणि मंडपाची किल्ली कोणत्या घरी राहायची, एवढे आजच्या सभेत ठरवून घ्यावे.